ज्यांनी चौकडी मोडू दिली नाही

कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकातली, समुद्रपूरच्या आमच्या शाळेतली. मी गणिताचा नवा शिक्षक, त्या मुख्याध्यापिका. हजर होताच त्यांनी विचारलं, "शाळा सुटल्यावर पोरं कुठं बसते, मालूम आहे का तुमाले?" मला ठाऊक नव्हतं. ताईंना गावातला प्रत्येक पानठेला पाठ होता.

त्याच वर्षी दहावीतले चौघे मित्र बसस्थानकामागे पंक्चरचं सोल्युशन हुंगताना सापडले. त्यांतला प्रवीण तर पुरता आहारी गेलेला. सायकली चोरण्यापर्यंत मजल गेली होती. शिक्षकांच्या सभेनं शहाणपणा करून चौघांना चार तुकड्यांत वाटून टाकलं. थोड्याच दिवसांत चारही तुकड्यांत नव्या टोळ्या तयार! मग संस्थेनं प्रवीणच्या हातात दाखला द्यायचं ठरवलं. ताई अडून बसल्या. "परीक्षेपर्यंत तो माझ्याकडे राहील. नाई सुधरला, त त्याच्यासंगं माझाही राजीनामा घ्या." संस्थाचालकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

ताईंनी चौघांना पुन्हा एका बाकावर आणलं आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या घरी बोलावलं. आधी कॅरम, मग अभ्यास, त्यात गणिताला मी, अधूनमधून तर्रीपोहे. अट एकच, यायचं तर चौघांनी. उपदेश त्यांनी कधी केला नाही. माझी जीभ वळवळायची, तेव्हा मला मात्र डोळ्यांनीच दटावत.

परीक्षेच्या तोंडावर एका संध्याकाळी तिघेच आले. मी तिथेच होतो. ताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "प्रवीण कुठं आहे?"

"तो नाई येत म्हणते, ताई."

"मंग तुमी काऊन आले?"

तिघे तसेच मागे फिरले आणि त्याला दोन्ही दंडांना धरून घेऊन आले. डोळे तांबारलेले, तोल जात होता. "मले सोडून द्या ना बे," म्हणून तो रडत होता.

त्यांच्यातला थोराड गजू म्हणाला, "तुले सोडलं त आमी कोनासंगं राहाव?"

ताई बाजूला झाल्या आणि चौघांना आत घेतलं. त्या दिवशी कोणी कॅरम खेळलं नाही.

प्रवीण दहावी पास झाला. काठावर, पण झाला. आज चौघेही आपापल्या संसाराला लागलेत. अशा बाईंच्या हाताखाली मी काम केलं, हे मी कुठेही छाती फुगवून सांगतो.

ताईंनी पंचाहत्तरी गाठली. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, झोप गाढ लागो आणि शंभरीपर्यंत आम्हाला दटावण्याचं बळ त्यांच्या नजरेत राहो. गावात दरवर्षी नवी पोरं पंधराची होतात. त्यांना ताई लागणारच आहेत.