जिवाणीचा तांब्या

चार दिवस घराबाहेर पडायला मिळेल म्हणून मी हो म्हटलं. घरच चाकं लावून सोबत येणार आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आमचं वाशीमला हार्डवेअरचं दुकान. नळ, तोट्या आणि खिळ्यांत आयुष्य गेलेल्या माझ्या नवऱ्याला गेल्या वर्षी मोबाइलवर फिरत्या घरांचे व्हिडिओ पाहायचा नाद लागला. एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस त्यांनी आणली आणि सहा महिने तिच्या पोटात सुतार, वेल्डर, प्लंबर घुसवून ठेवले. दोन अरुंद पलंग, गॅसची शेगडी, टपावर पाण्याची टाकी, मागच्या कोपऱ्यात संडास. ते तिला घरगाडी म्हणत. मी मनातल्या मनात डबा म्हणायची.

बेत असा होता की मेडशीकडच्या जंगलाला लागून असलेल्या शेतांमध्ये मुक्कामाच्या जागा निवडायच्या. अशा गाड्या घेऊन फिरणारे, तंबू ठोकून राहणारी कुटुंबं, यांना पुण्या-नागपूरकडून इकडे बोलवायचं. पण आधी आपण राहून पाहायचं. "आई आन् तू तीन दिवस राह्यल्या, तं कोनतीबी फ्यामिली राहीन," ते म्हणाले. म्हणजे धरण पक्कं आहे का हे पाहायला सासूबाईंना आणि मला भिंतीखाली उभं करायचं.

मी निघाले ते वेगळ्याच कारणाने. माझं माहेर किन्हीराजा. मालेगावहून एक रस्ता मेडशीला जातो, दुसरा किन्हीराजाला. माझ्या आईला विसर पडायला लागला होता. आधी वस्तू, मग दिवस, आणि आता माणसं. दिवाळीला ती माझ्याकडे पाहून जरा थांबली होती आणि मग तिने माझं नाव घेतलं होतं. त्यानंतर मला जायला जमलंच नाही. कधी दुकानात माल यायचा असे, कधी सासूबाईंचे गुडघे. निघायच्या आठवडाभर आधी भावाचा फोन आला, "ताई, येऊन जाय. आईनं काल मले वळखलं नाही." मी नवऱ्याला सांगितलं. "चवथ्या दिवशी जाऊ ना," ते म्हणाले, "आपल्याच गाडीनं." त्या एका वाक्याच्या भरवशावर मी डब्यात चढले.

आत माणसं तीन आणि उभं राहायची जागा एकाची. संडासाचं दार उघडायचं तर शेगडीचा ओटा दुमडावा लागे, त्यामुळे सासूबाईंना जायचं झालं की माझी भाजी गॅसवरून खाली उतरे. खिडक्यांशी गाद्यांच्या वळकट्या रचलेल्या. बाहेर साग होता, पळस होता, मोर ओरडत होते म्हणे. मला दिसत होता पोळपाट. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, हा घरचा नेम गाडीतही सुटला नाही. चार वाजले की नवरा वही घेऊन जागा पाहायला उतरत आणि मी तव्यापुढे उभी. घरी निदान जीव घुसमटला तर गच्चीवर जाता येतं.

पहिली जागा सागाच्या रांगांमध्ये, नाल्याकाठी. सावली दाट, जमीन सपाट. पण आत शिरताना टपावरची टाकी एका आडव्या फांदीखाली रुतली आणि दार नेमकं झाडाच्या बुंध्याला टेकलं. आम्ही दोघी आत कोंडलो. नवरा खिडकीतून बाहेर पडले आणि कुऱ्हाड मागायला निघाले, तर सासूबाई आतून ओरडल्या, "वली फांदी तोडशीन तं मी जेवनार नाही!" मग चारी चाकांतली हवा सोडून गाडी खाली बसवली, हळूहळू मागे घेतली आणि पायपंपाने पुन्हा हवा भरली. तोवर मी बुंध्याची साल पाहत बसले होते. जंगलाचं मला झालेलं सगळ्यात जवळचं दर्शन तेच.

दुसरी जागा आमराई. मालक भला माणूस, विहिरीला गोड पाणी. सासूबाईंचा चेहरा पहिल्यांदा उजळला. नळाचं पाणी त्यांना चालतं, पण विहीर दिसली की त्यांना राहवत नाही. पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव तांब्यात उतरवायचे. ही जिवाणी. ती पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. वरून फेकायची नाही, जीव मरतात. त्यासाठी त्यांनी बुडाला कडी असलेली छोटी बादली सोबत आणली होती. दोर बुडाच्या कडीला बांधायचा आणि दोरालाच असलेल्या कांडीचा आकडा बादलीच्या तोंडाच्या कडीत अडकवून ती सोडायची. पाण्याला टेकली की आकडा सुटतो आणि बादली अलगद पालथी होते. हे काम माझ्याकडे असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने वही काढली. सपाट जमीन, सावली, पाणी, बायकांना आडोसा, वर विजेच्या तारा नाहीत, सगळ्यापुढे बरोबरची खूण. शेवटी मोबाइलची रेंज. ती नव्हती. "पुन्याची मानसं इथं एक तास थांबनार नाही," म्हणून त्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी भांडी आवरत होते. घाईघाईत जिवाणीच्या तांब्यावर झाकण ठेवलं, तो कोपऱ्यात सरकवला आणि गाडी सुटली. खरं सांगते, विसरले.

तिसरी जागा एका तलावाचा काठ. सावली औषधालाही नव्हती, पण रेंज होती. नवरा खूश. "अजून दोन दिवस इथंच राहू. फोटो चांगले येऊन राह्यले."

"आन् किन्हीराजा?" मी विचारलं.

"किन्हीराजा काय पयून चाल्लं? पुढच्या महिन्यात जाऊ."

"गाव नाही पयत. आई चालली."

त्यांनी फोन वर धरला होता. पालथ्या घड्यावर पाणी. मला इतका राग आला की वाटलं, पायी चालत सुटावं. पण कुठे? मी रागावून डब्यात जाऊन बसले. रागवायलाही दुसरी जागा नव्हती. तिथे कोपऱ्यात झाकलेला तांब्या दिसला.

मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. आमराई मालेगावच्या वाटेवर होती, म्हणजे किन्हीराजाच्याही. काय बोलायचं ते मला कळलं, आणि ते बोलताना मला लाजही वाटली नाही.

"आत्याबाई, आमराईतली जिवाणी राह्यली."

त्या पलंगावर पडल्या होत्या, उठून बसल्या. "गाडी फिरव," त्यांनी मुलाला सांगितलं.

"एवढा तलाव हाये समोर. यातच सोडून दे ना."

"त्या पान्यातले जीव या पान्यात नाही जगत. ज्याचं त्याचं पानी असते."

नवऱ्याने वही मिटली आणि गाडी फिरवली. माझ्या आईसाठी तीन दिवसांत जी गाडी इंचभर वळली नव्हती, ती न दिसणाऱ्या जिवांसाठी एका वाक्यात वळली. मला हसू येत होतं आणि रडूही. वाटेवर दोन्हीकडे तुरी वाळत आल्या होत्या.

विहिरीवर सासूबाईंनी या वेळी बादली माझ्या हातात दिली नाही. जिवाणी बादलीत ओतून स्वतः दोर सोडला. बादली पाण्याला टेकली, आकडा सुटला, ती पालथी झाली. त्यांनी हात जोडले.

"त्यायले त्यायच्या घरी पोचवलं, आत्याबाई," मी म्हटलं. "आता मले बी पोचवा."

त्या दोर गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, ऐकलं नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माही माय गेली तवा मी पापड लाटत होती. सासू म्हने, पापड वायले का मंग जाजो." आणि गाडीकडे वळून मोठ्याने, "किन्हीराजाले घे रे!"

दुपार कलताना पोचलो. सासूबाईंनी आधी माझी पिशवी खाली दिली, मग त्या उतरल्या. भाऊ त्याच्या दुकानात होता. आई अंगणात विहिरीजवळ बसली होती. माझ्याकडे पाहून ती पाहुण्यासाठी उठतात तशी उठली. घागरीतलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं, फडकं उलटं केलं, तांब्यात जिवाणी उतरवून घेतली. एकही गोष्ट चुकली नाही. मग पेला माझ्या हातात दिला.

"कोन्या गावची वं तू, बाई?"

मी एक घोट घेतला. "वाशीमची."

"माही पोरगी बी वाशीमलेच देली," ती म्हणाली. जिवाणीचा तांब्या तिने पदराखाली धरला होता, सांडू नये म्हणून. "भेटली तं सांगजो तिले. येऊन जाय म्हना."

"सांगते," मी म्हटलं.