शेंदूर लावलेलं चाक

आमच्या पिकअपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा होता. तो टाकला की गाडीची चारही चाकं ओढायला लागतात, असं माझा नवरा सांगायचा. निरगुडसरला आमच्याकडं कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला तो दांडा दाखवला जायचा. "फोर व्हील हाय राव, कड्यावर चढंल," असं हे म्हणायचे, आणि पाहुणा कड्याकडं बघितल्यासारखं करायचा. प्रत्यक्षात आमची गाडी कांदा-बटाटा भरून डांबरी रस्त्यानं मंचरला जायची आणि रिकामी परत यायची. गाडी सेकंडहँड घेतल्यापासून तो दांडा कधी हललेला मी पाहिला नव्हता. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं, तर घरात अबोला झाला.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा घोडेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याच्याही पलीकडं, डोंगरातल्या एका वाडीत प्राथमिक शाळेवर होते. माझं माहेर पिंपळवंडीचं. बागायती गाव, दाराशी एसटी, मागल्या दारी पाणी. त्यामुळं बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा मी आधी मनसोक्त रडून घेतलं आणि मग ट्रंक भरली. घोडेगावची एसटी पायथ्याच्या गावापर्यंत यायची. तिथून वर लाल मातीचा चढ. सोमवारी चढायचं, शनिवारी उतरायचं, मधले दिवस वाडीतच एका विधवा बाईच्या घरी खोली घेऊन राहायचं.

ही घरमालकीण माझ्याहून थोडी मोठी. भात आणि नाचणी पिकवायची, बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला गप्प करायची. वाडीत गिरणी नव्हती. पायथ्याच्या गावात एका दुकानदाराची होती. डोक्यावर दळण घेऊन चढ उतरायचा, त्याच्या मर्जीनं नंबर लागायचा, लाईट गेली की तिथंच बसून राहायचं आणि मग पीठ घेऊन पुन्हा चढायचं. पावसाळ्यात पाटी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळायची, स्वतः भिजलं तरी चालेल. पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा माझी परतताना फे फे उडाली. ती हसून म्हणाली, "बाई, तुमच्याकडं गिरणी काय चुलीपाशी असती का?" जवळपास तसंच होतं.

वाडीत वीज आली आणि तिनं बचत गटातल्या बायकांच्या मागं गिरणीचा लकडा लावला. घरोघरी गेली, सासवांना पटवलं, सुनांना पटवलं. पुरुष म्हणाले, बायकांची गिरणी, बायकाच बघून घेतील. घोडेगावात एक जण आपली जुनी गिरणी काढून टाकत होता, ती ठरली. शाळेशेजारच्या खोलीत सिमेंटचा ओटा बांधला, त्यात बोल्ट पुरले. आणि मग पायथ्याचा दुकानदार गोड आवाजात म्हणाला, "एवढा बिडाचा माल वर कुठं नेता? माझ्या पडवीत ठिवा. रस्ता झाला की बघू." रस्ता कधी होणार हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. एकदा गिरणी त्याच्या पडवीत बसली की ती तिथंच फिरणार आणि नंबरही त्याच्याच मर्जीनं लागणार.

"बाई, समद्यांना मी शब्द दिलाय," घरमालकीण मला चुलीपुढं बसून म्हणाली. "गिरणी खाली ऱ्हायली तर मला या वाडीत तोंड दाखवायला जागा न्हाई."

मी शनिवारी घरी जाऊन हे सांगितलं आणि आमच्या ह्यांचा चेहरा असा काही खुलला की लग्नातल्या फोटोतही तसा नाही. दांड्याला अखेर काम मिळालं होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या म्हणाल्या, "मीबी येनार. गिरणीफुडं नारळ मी फोडनार."

आत्यांचं आणि त्या गाडीचं एक वेगळंच नातं होतं. त्यांचा धाकटा भाऊ घाटात जीप उलटून गेला होता. तेव्हापासून त्या कुठल्याही गाडीत बसायला घाबरायच्या, आणि घरातच गाडी आल्यावर त्यांनी त्यावर आपला इलाज काढला. दर अमावस्येला त्या डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाची पूजा करायच्या, कारण त्यांची बसायची जागा त्याच बाजूला. चाकाच्या मधोमध जी गोल टोपी असते तिला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, हळदकुंकू वाहायचं आणि नारळ तिथंच फोडायचा. अमावस्येवर अमावस्या जाऊन त्या टोपीवर शेंदराचा असा थर चढला होता की बांधावरच्या म्हसोबाला हेवा वाटावा. घरात त्याला कुणी हात लावायचं नाही. गाडी धुतानाही हे तेवढं चाक बाजूनं धुवायचे.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. परतीच्या पावसानं चढ ओला होता. घोडेगावात गिरणी गाडीत चढवली, दगड वेगळे, मोटर वेगळी, आणि पायथ्याला येऊन थांबलो. गटातल्या बायका वरून उतरून आल्या होत्या. ह्यांनी ऐटीत खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या टोप्यांवरच्या खुंट्या फिरवल्या. मी विचारलं तेव्हा सांगितलं, ह्याला हब म्हणतात, नुसता दांडा टाकून भागत नाही, ह्या खुंट्या फिरवल्या की पुढची चाकं आतल्या आसाला जोडली जातात. उजवीकडची कटकन फिरली. डावीकडची शेंदराच्या कडेनं बोटं घालून जरा फिरवल्यासारखी केली. मग आत बसून बुटका दांडा टाकला. तो आधी गेलाच नाही. क्लच दाबून, गाडी थोडी मागं घेऊन, पुन्हा रेटला तेव्हा खट्ट आवाज करून बसला.

"पडला!" हे ओरडले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या वळणापर्यंत गाडी गेली. तिथं मातीत मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि पुढची चाकं शांत उभी. चिखल उडून मागच्या बायकांची लुगडी रंगली. थोडं मागं घेऊन पुन्हा, मग पुन्हा. गाडी तिरकी व्हायला लागली तशी आत्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. आत्यांना आतच ठेवून आम्ही दोघं खाली उतरलो आणि मागच्या चाकांना दगड लावले.

दुकानदार वळणाच्या खाली हात मागं बांधून उभा होता. "पडवी झाडून ठिवलीय," तो एवढंच म्हणाला.

घरमालकिणीनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती आमच्या ह्यांच्याकडं बघत होती. "दाजी, व्हईल का?"

ह्यांनी आधी दांड्यावर संशय घेतला. दांडा वर बसला पण खाली पोचला नसंल, म्हणून खाली वाकून दांड्याला जोडलेल्या सळ्या बघितल्या. सळ्या जागेवर होत्या. मग मला म्हणाले, "मी गाडी रेटतो, तू बाजूनं वाकून बघ, पुढचा शाफ्ट फिरतो का." मी पदर खोचला, लांब उभी राहून वाकले. पुढच्या चाकांकडं जाणारा लोखंडी दांडा गरागरा फिरत होता.

"फिरतोय!"

"नीट बघ."

"अहो, चष्मा लावून बघतेय. तो फिरतोय आणि चाक झोपलंय."

हे उतरले, गाडीपाशी उकिडवे बसले, विचार केला. शाफ्ट फिरतो म्हणजे ताकद आसापर्यंत येते. आसापासून चाकापर्यंत येत नाही. म्हणजे हब. आणि एका बाजूचा जरी सुटा राहिला तरी सगळी ताकद त्याच बाजूनं वाया जाते, दुसरं चाकही ओढत नाही. एवढं बोलून ते डाव्या चाकापाशी गेले. खुंटी फिरली की नाही हे दाखवणारी खूण शेंदराखाली होती. खुंटीही शेंदरानं, नारळाच्या पाण्यानं आणि कुंकवानं दगडासारखी धरली होती. मघाशी फिरल्यासारखी वाटली ती वरची नुसती पापडी.

ते सगळं त्यांना कळलं, मलाही कळलं. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन हा माणूस उभा, पण चाकाला टेकवायची हिंमत नाही. लहानपणापासून ज्या घरात शेंदराच्या देवाला पाय लागला तरी कान पकडतात, त्या घरातला तो. शिवाय तो शेंदूर आईनं का लावला ते त्याला माहीत होतं. मला मात्र राग आला. एवढ्या बायका चिखलात उभ्या, आणि आम्ही एका टोपीपुढं हात जोडून! मी काहीतरी टोचून बोलणार होते, पण आत्या गाडीतून उतरल्या.

"काय झालं रं?"

ह्यांनी मान खाली घालून सांगितलं. आत्या चाकाकडं बघत राहिल्या. भाऊ आठवत असणार, दुसरं काय. घरमालकीण पुढं झाली आणि म्हणाली, "आजी, ऱ्हाऊ द्या. तुमच्या मनाला लागंल असं नगं. गिरणी खाली ठिवू." हे बोलताना तिचा आवाज अगदी साधा होता, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना.

आत्यांनी तिच्याकडं बघितलं, तिच्यामागं उभ्या असलेल्या बायकांकडं बघितलं, मग वळणाखालच्या त्या झाडलेल्या पडवीवाल्याकडं बघितलं.

"त्यो हात मागं बांधून कोन हुबा हाय?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या. "देव बसवला मी, उठवीन बी मीच. आन ते."

स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी स्वतः घेतला. आधी चाकाच्या पाया पडल्या. घरमालकिणीनं सागाचं पान तोडून खाली धरलं. आत्यांनी शेंदूर वरून खाली, हळूहळू सोडवला, अंगावरची खपली काढावी तसा. पापुद्रे पानावर पडत गेले. ह्यांनी मधेच डिझेल ओतू का म्हणून विचारलं, तर त्यांनी असे डोळे वटारले की हे दोन पावलं मागं सरकले. सगळं पान ओढ्यात सोडून झाल्यावर म्हणाल्या, "आता वत तुझं रॉकेल का काय ते."

डिझेल मुरलं, पान्याच्या टोकानं हलकेच ठोकलं, आणि खुंटी कुरकुरत फिरली. खूण स्पष्ट दिसली. दगड काढले. गाडी या वेळी उडाली नाही, घसरली नाही. पुढच्या चाकांनी माती धरली आणि म्हातारा बैल चढतो तशी सावकाश चढत गेली. आत्या आत बसल्या होत्या, दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरून, डोळे मात्र उघडे ठेवून. मागून बायका चालत होत्या, आणि दुकानदार कधी निघून गेला ते कुणी बघितलंही नाही.

गिरणी ओट्यावर बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमननं जोडणी केली, आत्यांनी नारळ फोडला, पट्टा चढला. पहिलं दळण घरमालकिणीचंच घालायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. तिनं नाचणी ओतली. खालच्या कापडी तोंडातून पीठ डब्यात पडायला लागलं. तिनं त्यात हात घातला आणि तसाच ठेवला. गिरणीच्या आवाजात आम्हाला वाटलं, काही बिघडलं. मी जवळ गेले तर तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"काय झालं गं?" मी ओरडून विचारलं.

तिनं माझा हात धरून पिठात घातला.

"ऊन हाय बाई," ती म्हणाली. "इतकी वर्सं दळण आनलं, पर घरापोत येईस्तवर गार व्हायचं. माझ्या घरात आजवर ऊन पीठ आलंच न्हाई."