लोणच्याच्या बरणीतलं नोझल

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी घाट उतरून रेवदंड्याला आलो, एका लॉरीवर ड्रायव्हर म्हणून. शाळा पाचवीतच सुटली होती. महिन्याभरात घरी पत्र टाकलं, 'मी कायम झालो.' तसं कुणी म्हटलं नव्हतं. आईला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

लॉरी मिलिटरीच्या लिलावातली, परदेशी डिझेल इंजिनाची. इंजिन दणकट, पण मुंबईच्या दुकानदारानं सांगून टाकलेलं, "हे मॉडेल बंद झालं. पार्ट विसरा." म्हणून मालकांनी एक जादा नोझल माझ्या हाती दिलं. नोझल म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा सोडणारी करंगळीएवढी वस्तू. आतली सुई अशी बसलेली की केस शिरायचा नाही. "जिवापाड सांभाळ," म्हणाले.

सांभाळलं की! घाटावर ठेवतो तसंच, कागदात गुंडाळून ट्रंकेत कपड्यांखाली. पावसाळा सरल्यावर उघडलं तर गंजलेलं, सुई जाम. खाऱ्या हवेची मला काय कल्पना? कुणाला बोललो नाही. रोज सकाळी इंजिन सुरू केलं की बॉनेटला कान लावून उभा राहायचो.

दिवाळीनंतर सुकी मासळी भरून अलिबागला निघालो, तर गावाबाहेरच लॉरी काळा धूर ओकू लागली. चार सिलिंडरांतल्या एकाचा ठोका गप्प. तशीच लंगडत घरी आणली.

"नोझल गेलं दिसतंय," मालक म्हणाले. "आण तुझ्याकडचं."

पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी उघडली आणि गंजलेली सुई नखानं हलवून पाहिली. मला ते पत्र आठवलं.

"मालक, मी जातो गावाला."

"लॉरी काय आमी ढकलायची?" ओटीवरून वहिनी, म्हणजे मालकीणबाई, म्हणाल्या. मग मालकांकडं वळून, "मी बोलले न्हवते, घाटावरच्याला खारा वारा कळायचा न्हाय?"

आत जाऊन त्यांनी लोणच्याची बरणी आणली, मेणकापडानं तोंड बांधलेली. आत डिझेल, आणि त्यात बुडालेलं दुसरं नोझल, चकचकीत.

"दोन घेतली होती," मालक म्हणाले. "एक तुझ्या भरवशावर, एक हिच्या."

"वरीसभर फडताळात हाय. माज्या लोनच्याला ह्याचा वास लागला. तरी हा डायवर दोन फोडी जादाच मागतो!"

मी हसलो की रडलो, आठवत नाही. नोझल बसवलं, चारही ठोके परत बोलू लागले. काढलेलं आणि गंजलेलं, दोन्ही वहिनींनी बरणीत टाकायला लावली. मुंबईत घासून देणारा कुणी भेटला तर म्हणून. मग बरणीच माझ्या हातात दिली. इंजिन चाललं तोवर, म्हणजे पुढली अकरा वर्षं, ती माझ्या खाटेखाली होती.

"मग गावाला कधी निघतोस?" मालकांनी विचारलं.

"शिमग्याला," मी चाचरत म्हणालो. "चार दिवस."

"चारच हां. पाचव्या दिवशी मासळी भरायचीय."