साबणाचा माउस

"ए, हात काढ! आधी हात काढ तिथून!"

सर ओरडले तवा मायं बोट कंप्युटरच्या काचेवरच होतं. मले वाटलं, करंट लागते का काय. झटकन हात मागं घेतला. काचेवर काळा ठसा उमटलता. माया बोटाचा. पांढऱ्या स्लाइडच्या बरोब्बर मधात.

दारव्ह्याच्या कंप्युटर क्लासातला तो माया पहिला दिवस. प्रेझेंटेशन कसं बनवायचं ते शिकवून राह्यले होते. सर म्हणाले, "पुढच्या स्लाइडवर जा." आमच्या घरी मोबाइल एकच, अब्बाचा. त्याच्यावर बोट ओढलं का पान सरकते. मले तेवढंच माहीत. म्हणून मी काचेवर बोट ठेवलं अन् ओढलं. सगळा क्लास खो खो हासला. हासले तं हासले. नवीन माणसाले हासतातच.

पण सरांनी खिशातून आपला रुमाल काढला. रुमालाकडं पाह्यलं, काचेकडं पाह्यलं, अन् रुमाल परत खिशात ठेवला. माया बाजूले ऋतुजा बसलती. तिले म्हणाले, "दारातलं पायपुसणं आहे ना, त्याच्याजवळचं फडकं आण."

त्या फडक्यानं काच पुसली. मंग माउस पुसला. माउसले तं मी हातच लावला नव्हता.

"हे गॅरेज नाही," सर म्हणाले. "जा, हात धुऊन ये."

मी गेली. नळावर घासले, घासले, चामडी लाल होईस्तोवर घासले. जाते काय ते काळं! माये अब्बा मेकॅनिक. दारव्ह्यातून खेड्यापाड्याले ज्या जीपा सवाऱ्या कोंबून जातात, त्या आमच्याच गॅरेजात दुरुस्त होतात. गाडी खोलली का नट, बोल्ट, बेअरिंग घरी येतात. अम्मी अन् मी परातीत डिझेल घेऊन ते घासतो, पोत्यावर ओळीनं मांडतो. ज्या ओळीनं खोललं त्याच ओळीनं, नाईतं बसवताना घोळ होते. लहानपणापासून हेच काम. ते काळं नखाच्या कडेले अन् बोटाच्या रेघांत जाऊन बसलं हाय. साबणानं निघत नाई, रॉकेलनं निघत नाई.

परत येऊन मी सरांपुढं दोन्ही हात पसरले. चोरीत पकडलेल्या माणसावानी. आज आठवलं का अंगाचा तिळपापड होते. कायले पसरले मी हात?

सरांनी पाह्यलं. म्हणाले, "राहू दे. तू मागं खुर्ची घे. ऋतुजा करेल, तू बघ. बघूनही शिकता येतं."

त्या दिवसापासून मायं नावच गेलं. हजेरी घेताना सर म्हणत, "गॅरेज?" अन् मी म्हणे, "हजर." होय, मी हजर म्हणे. फी मी सगळ्यांएवढीच भरलती, पण खुर्ची मायी मागं अन् हात माये मांडीवर.

मंग क्लास सोडून काहून नाई दिला? तुम्ही इचारान. अम्मीनंबी इचारलं. कसा सोडू? अब्बाचा जॅक सरकलता. उजवा पंजा गाडीखाली चेचला. आता त्याले पाना धरता येत नाई, नट फिरवता येत नाई, भाकर मोडता येत नाई. हाताखालचा पोरगा जमेल तेवढं करे, पण गिऱ्हाइकं दुसऱ्या गॅरेजात जाऊन राह्यली होती. बस स्टँडजवळच्या एका ऑफिसात ऑपरेटर पायजे होती. ते म्हणाले, क्लासचं सर्टिफिकेट आण अन् कामाले लाग. सर्टिफिकेट सरांच्या हातात. प्रॅक्टिकल पास केलं तं घर चालते, नाईतं नाई. एवढी सरळ गोष्ट होती.

तं मी पाहून शिकली. ऋतुजाच्या खांद्यावरून. वरती पट्टी, तिच्यावर होम, इन्सर्ट, डिझाइन. डाव्या अंगाले बारक्या बारक्या स्लाइडा, पोत्यावर नट मांडावं तशा एकीखाली एक. मधात मोठी स्लाइड, तिच्यात दोन चौकोन. वरच्या चौकोनात नाव लिहायचं, खालच्यात बाकीचं. उजवीकडं कोपऱ्यात फुली. तिले दाबलं का सगळं बंद. मले सगळं पाठ झालतं. एकदा ऋतुजाले म्हटलं, "मले धरू दे ना जरासा माउस." ती वाईट पोरगी नव्हती. पण तिनं आधी सरांकडं पाह्यलं, अन् म्हणाली, "नको ना गं, मला बोलतील ते."

घरी मी आंगणातल्या फरशीवर खडूनं तोच पडदा काढला. चांगला पाटाएवढा. पट्टी काढली, चौकोन काढले, फुली काढली. अन् माउस म्हणून कपडे धुयाच्या साबणाची वडी घेतली. वडी सरकवत न्यायची होमवर, टिचकी मारायची. सरकवत न्यायची चौकोनावर, टिचकी मारायची. दिवस बुडेपर्यंत तेच.

अब्बा खाटेवर बसून पाहून राह्यले होते.

"ये क्या बनाई बेटा?"

"कंप्युटर."

"और ये साबुन?"

"माउस हाय अब्बा."

अब्बानं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला अन् तोंड भिंतीकडं केलं. मले रडू फुटलं. वडी हातात तशीच धरून मी रडली.

प्रॅक्टिकलसाठी सरांनी एकेकाले विषय वाटले. ऋतुजाले कळंबचा चिंतामणी गणपती दिला. कोणाले कापूस, कोणाले टिपेश्वरच्या जंगलातला वाघ. मायी पाळी आली तवा सर जरासे हासले. "गॅरेज, तू घे वैयक्तिक स्वच्छता. हात कसे धुवावेत. तुला उपयोगी पडेल." अख्खा क्लास हासला. मी खाली मान घातली.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सर म्हणाले, "तू बोल नुसती. मी मजकूर घेतलाय टाकून, ऋतुजा माउस चालवेल. पासपुरतं देऊन टाकतो तुला."

पासपुरतं! घेणारच होती मी. अब्बाचा पंजा डोळ्यापुढं आला. घे बाई, अन् घरी जा. तोंडाशी "हो सर" आलतं. पण ऋतुजानं खुर्ची पुढं ओढली अन् मले दिसलं, ते फडकं. टेबलावर माउसच्या बाजूले घडी करून ठेवलतं. माया पाळीसाठी खास काढून ठेवलतं. माया डोक्यात कायतरी सणकलं.

"ऋतुजा, ऊठ," मी म्हटलं. "माउस मी धरणार हाय."

"तुला येतो का?" सर म्हणाले.

"तुम्ही धरू दिला काय कधी?"

ऋतुजा उठली. मी बसली. माउस हातात घेतला. जिंदगीत पहिल्यांदा. केवढासा, हलका, साबणाच्या वडीपेक्षा हलका. वरच्या पट्टीवर जायचं होतं म्हणून मी आंगणात सरकवायची तसा सरकवला, चांगला हातभर. काय होते पाहा! फरशीवर जेवढी वडी सरकते तेवढंच आपण जातो. इथं माउस जरासा हलला का बाण पार पडद्याच्या कडेले. मले कोण सांगणार हे? साबणानं थोडीच सांगतलं असतं! बाण गेला सरळ उजव्या कोपऱ्यात, अन् माउस टेबलाच्या काठावरून खाली. वायरले लोंबकळत राह्यला, मेल्या उंदरावानी.

हासले. हासून हासून टेबल बडवले.

मी माउस वर ओढून घेतला. घाईत बटन दाबल्या गेलं. बाण फुलीवर होता. पडद्यावर कायतरी इचारलं, मी घाबरून अजून एक बटन दाबलं. अन् हात धुयाच्या सगळ्या स्लाइडा गेल्या. काचेवर काहीच नाई. मायी नोकरी गेली हे मले तवाच समजलं. अब्बाले घरी जाऊन काय सांगू, एवढंच डोक्यात फिरून राह्यलं होतं.

"झालं समाधान?" सर म्हणाले. "नापास. ऊठ आता."

"नाई उठत."

"काय?"

"नाई उठत म्हटलं ना."

मी बाण हळूहळू आणला. मुंगीवानी. एकदा चुकला, परत आणला. नवीन कोरी स्लाइड उघडली. वरच्या चौकोनात टिचकी मारली, अन् तिथं बारकी उभी रेघ लुकलुकाले लागली. मायासाठी. एकेक अक्षर हुडकून, एका बोटानं, मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, माये हात. तेवढंच. खालचा चौकोन रिकामा ठेवला. मंग उठली अन् दोन्ही पंजे, पाची पाची बोटं, काचेवर टेकवले. दाबून टेकवले. सकाळीच बेअरिंग घासलतं मी. ठसे चांगले उमटले.

"पुसा आता," मी म्हटलं. "अन् मायं नाव गॅरेज नाई. हजेरीत लिहिलेलं हाय ते घ्या."

ऋतुजानं मान खाली घातलती. फडक्याले कोणीच हात लावला नाई, मी दाराबाहेर पडेस्तोवर तरी नाई. पुढचं मले माहीत नाई.

नोकरी दुसऱ्या पोरीले लागली. गॅरेज आता अर्धंच उघडं राह्यते. घरी दोन वक्ताची मारामार हाय, खोटं कायले सांगू. अम्मी म्हणते, माफी माग, सर ऐकतील. शेजारची म्हणते, यवतमाळच्या क्लासात जा, तिथं तुले कोणी ओळखत नाई.

कायले जाऊ? अन् माफी कायची?

नव्या बॅचमधी मी नाव लिहिलं हाय. त्याच क्लासात. नापास झालेल्याले परत फी लागत नाई. सोमवारी जाणार हाय. सकाळी परातीतलं काम उरकून जाईन, नळावर थांबणार नाई. मागच्या खुर्चीकडं पाहणार नाई. पहिल्या कंप्युटरपुढं बसीन अन् माउस हातात घेईन. सर फडकं आणोत, पाणी आणोत, पोलीस आणोत. मायं नाव घेतल्याबिगर मी हजर म्हणणार नाई, अन् शिकल्याबिगर माउस सोडणार नाई.