एकही ऊ नव्हती

वीस वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही — ती तर आता राहिलीही नाही. गेल्या महिन्यात लेकीला सांगितलं, आणि आज तुम्हाला सांगतेय. कुठून सुरू करू?

आधी माझंच सांगते. अमळनेरला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी त्या उघडते, जळकी तार काढून नवी भरते. वडिलांकडून शिकले. शर्ट-पँट, बारीक कापलेले केस, घोगरा आवाज. नवं गिऱ्हाईक मागून ‘ओ भाऊ’ म्हणतं आणि मी वळले की ओशाळतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. चौदाव्या वर्षी वेणी कापून घरी आले तेव्हा आई चार दिवस बोलली नव्हती. मी हटले नाही. लग्नाआधी नवऱ्याला सांगून टाकलं — मी अशीच राहणार. तो म्हणाला, “राहा की.”

मग मयूरी झाली. आणि ती — पैंजण हरवले तर जेवायची नाही, अशी. टिकल्या, मेंदी, बांगड्या. केस कमरेपर्यंत. मला वेणी घालता यायची नाही. नाही, हे खोटं झालं. मी शिकलेच नाही. बारीकशी तांब्याची तार मी न तोडता गुंडाळते, मला तीन पेडांची वेणी जमली नसती?

शेजारीच माझी मोठी जाऊ राहते, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मयूरी तिला मोठी आई म्हणायची आणि रोज सकाळी तेलाची बाटली घेऊन तिच्या पुढ्यात जाऊन बसायची. एक दिवस शाळेला उशीर होतोय म्हणून मी बोलवायला गेले. दोघींची पाठ माझ्याकडे होती. नऊ वर्षांची माझी लेक म्हणत होती, “मोठी आई, तूच माझी आई असतीस तर?”

अक्काचे हात थांबले. “आसं नई बोलनं बेटा,” ती म्हणाली. “तुनी माय तुनाकरता कितलं करस.”

मी तशीच मागे फिरले. अक्काने माझी बाजू घेतली, हे मला जास्त लागलं. का? ते आजही मला नीट सांगता येत नाही.

त्या रविवारी मी मयूरीला म्हटलं, शाळेतून निरोप आलाय, तुझ्या केसांत उवा झाल्यात. दुकानातली कात्री आणली — इन्सुलेशनचा कागद कापायची. अंगणात स्टुलावर बसवलं. पोरगी हलली नाही. फक्त एकदा विचारलं, “सगळे?”

मी म्हटलं, सगळे.

शाळेतून कसलाही निरोप नव्हता. एकही ऊ नव्हती. लेकरू नऊ वर्षांचं होतं आणि मी माझा सगळा राग तिच्यावर काढला — नाही, तिच्या केसांवर काढला.

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तर? दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी तिला गाडीवर मागे बसवून धुळ्याला तार आणायला नेलं. दुकानदार म्हणाला, पोरगी अगदी तुमच्यावर गेलीय हो. मला बरं वाटलं. ऐकताय ना? मला बरं वाटलं. केस कापले ते रागाने कापले म्हणता येईल. पण हे बरं वाटणं — ते कशात घालू?

मयूरीने माझ्यावर विश्वास ठेवला. वर्गात ती मागच्या बाकावर एकटी बसू लागली, मैत्रिणींना उवा लागतील म्हणून. अक्काकडे जाणं बंद केलं. अक्का हाक मारायची, ही दारातूनच नको म्हणायची. अक्काने तर रोज ते केस विंचरले होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी मोटार उघडायला घेतली.

पुढे केस वाढले, मयूरी शिकली, जळगावला औषधांच्या दुकानात काम करते, तिथेच संसार आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, रडत. तिची चार वर्षांची मुलगी बालवाडीतून डोकं खाजवत आली होती. औषधांच्या दुकानात काम करूनही ती म्हणत होती, “माझ्यामुळेच झालं असेल आई. मला होत्या ना लहानपणी.”

मी दुकान बंद केलं आणि गाडी काढली. तिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं — त्या दुकानदाराचं बोलणंसुद्धा.

ती म्हणाली, “एकही नव्हती?”

“एकही नाही.”

“मी वर्षभर मोठ्या आईच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.” मग, “मला राग आलाय आई. राहील काही दिवस.”

राहू दे, म्हटलं. चहा न घेता निघाले. एरंडोलच्या पुढे आले तेव्हा लक्षात आलं, मी गुणगुणत होते. छाती इतकी मोकळी मला कधी आठवत नाही. याची लाज वाटायला हवी होती का? वाटली नाही. खरं ते सांगते.

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती गहू निवडत होती. “माले तव्हयच समजनं व्हतं,” एवढंच म्हणाली आणि निवडत राहिली.

मयूरीने मला अजून फोन केलेला नाही. परवा अक्काला केला. मधल्या भिंतीपलीकडून मला अक्काचं हसणं ऐकू येत होतं, आणि स्पीकरवरचं मयूरीचं बोलणं — शब्द कळत नव्हते. चांगला तासभर. मी माझं काम करत बसले.