आधी तू ठेव

जगन्नाथ वैद्यांनी जन्मात कधी फोन आधी ठेवला नाही. पाहुण्याची रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत फाटकात उभा राहणारा हा माणूस, फोनवर तरी आधी पाठ कशी फिरवणार? फॅक्टरीतून निवृत्त होऊन मदन महल भागातल्या आपल्या घरी बसले, तरी हट्ट तोच.

त्या हट्टापायी आता मुलीचं काम अडलं होतं. अवंती घरूनच नोकरी करायची. एका दवाखान्यासाठी ती फोनचं ॲप बनवत होती. दोघांपैकी कुणीही फोन ठेवला, की दुसरी बाजूही लगेच बंद व्हायला हवी, एवढंच तपासायचं राहिलं होतं. काम उद्या द्यायचं होतं. तिने त्याच ॲपवरून, माडीवर बसून, खाली वडिलांना फोन लावला.

"बाबा, आता तुम्ही कट करा."

"काहून? तू ठेव ना आधी."

"अहो, टेस्टिंग करून राहिली मी!"

"अच्छा, कर ना. पण ठेव तूच."

अवंतीने कपाळाला हात लावला. मग आपल्या बाजूने तरी तपासून घेऊ म्हणून, "चला, ठेवते हं," म्हणत तिने लाल बटण दाबलं. स्क्रीनवर कॉल संपला, पण हेडफोन काही गप्प झाला नाही. वडिलांची बाजू चालूच राहिली होती. चूक ॲपची. ती चडफडणार, तोच कानात बाबा हळूच म्हणाले, "सुखी राहा गं पोरी. वेळेवर जेवत जा."

नागपूरला हॉस्टेलमध्ये असताना ती दर रविवारी बूथवरून घरी फोन करायची. मागे मुलींची ही रांग, म्हणून "ठेवते" म्हणता म्हणता रिसीव्हर आपटूनच मोकळी व्हायची. इतकी वर्षं हे वाक्य दर वेळी मागे राहत होतं आणि तिला पत्ताच नव्हता! तिला तो बूथ, तो उकाडा, ती घाई आठवली आणि भडभडून आलं.

डोळे पुसून तिने चूक दुरुस्त केली. पुन्हा फोन लावला, इकडचं तिकडचं बोलली, "ठेवते हं" म्हणाली आणि ठेवलाच नाही.

"सुखी राहा गं पोरी. वेळेवर..."

"हो बाबा. जेवते."

मग, "अगं, तू आहेस काय अजून?" म्हणत बाबांनी गडबडून फोन कापला. आयुष्यात पहिल्यांदा, आधी.

स्क्रीनवर ओळ उमटली: समोरच्याने फोन ठेवला, दोन्ही बाजू बंद. काम झालं होतं. अवंती मात्र हेडफोन न काढता तशीच बसून राहिली.