ऊन पाण्याच्या पाटावर

मॅसेडोनियातल्या त्या खेड्यात जुन्या रोमन स्नानगृहाचे अवशेष आहेत. भिंती जेमतेम कमरेइतक्या उरल्यात, पण शेजारच्या झऱ्यातून ऊन पाणी अजून वाहतं. सकाळी धबधबा पाहायला बऱ्याच पायऱ्या चढल्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमाताईचे, गुडघे धरले होते. ती एका दगडावर मटकन बसली आणि म्हणाली, "आता मला इथेच राहू दे. तू जा पुढे."

झऱ्याच्या पाटावर एक म्हातारी सतरंजी धूत होती. ती उठून आली आणि ताईचे बूट काढू लागली. ताई ओशाळली. "अहो, तुम्ही वयानं मोठ्या. पायाला हात नका लावू!" म्हातारीला मराठी कुठलं कळायला? "पोलेका, पोलेका," म्हणजे त्यांच्या भाषेत हळूहळू, असं म्हणत तिनं ताईचे पाय पाण्यात सोडले आणि गुडघ्यांवर ओंजळीनं पाणी घालत राहिली.

मी बघत उभी होते. ते पाणी येईल त्याला ऊब देतं, कुठून आलात म्हणून विचारत नाही. माणसंही अशी भेटतात, आणि आभार मानायला आपल्याकडे त्यांच्या भाषेतला शब्दसुद्धा नसतो.

अर्ध्या तासानं ताई आपली आपण उभी राहिली. तिनं वाकून म्हातारीला नमस्कार केला. म्हातारी दचकली. ताईचं काहीतरी पडलं असं तिला वाटलं, आणि तीही वाकून गवतात शोधू लागली.